वर आहे का खाली

आमच्या घरमालकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. दारात उभ्या असलेल्या माझ्या शर्टाची कॉलर त्यांनी दोन बोटांत धरली, आतली बाजू बाहेर उलटली, चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे निरखून पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अवं, हा जरीपटक्याकून आला. गाडीवर. कोण्यातरी ट्रकच्या मांगं मांगं."

मी नागपूरच्या जरीपटका भागातूनच आलो होतो. ट्रकच्या मागे मागेच. घर बघायला जायचं म्हणून बायकोनं मला मुद्दाम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लावला होता. आपण सभ्य भाडेकरू दिसावं याचा आम्ही दोघांनी बराच विचार केला होता. कॉलरच्या आत काय दिसेल याचा विचार कुठला सभ्य माणूस करतो?

आतून एक बाई आल्या. त्यांनी माझी कॉलर नवऱ्याच्या हातातून सोडवली आणि म्हणाल्या, "बसा भाऊ. घाबरू नका. हे कपडे पायतात, माणूस मी पायते." एवढं बोलून त्या दाराच्या चौकटीला हात लावून थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. मला वाटलं, माणूस पाहत आहेत. त्या दम घेत होत्या, हे मला पुढे कळलं.

बाईंना आम्ही काकू म्हणू लागलो आणि घरमालकांना काकाजी. वरचा मजला आम्हाला मिळाला. अटी दोनच. गच्ची काकाजींची. आणि आमच्या बाल्कनीत एक पांढरा रुमाल कायम टांगलेला पाहिजे, तो धुवायचा नाही.

काकाजींचा सगळा जन्म सरकारी कचेरीत नकाशे करण्यात गेला होता. शेवटची वर्षं उपग्रहाच्या चित्रांवर. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, देवळात जातात, मुलांच्या संसारात नाक खुपसतात. काकाजींनी धूर धरला. जंगलं पेटली की धूर कुठून निघतो, वाऱ्याबरोबर कुठे जातो आणि कोणाच्या डोक्यावर येऊन थांबतो, हे ते आपल्या लॅपटॉपवर पाहत बसायचे. चित्रं फुकट मिळतात, कोणीही पाहावीत, पण कोणीही पाहत नाही, याचं त्यांना दुःख होतं. एक उपग्रह आपल्या डोक्यावर जणू टांगलेला असतो. तो दर थोड्या वेळानं चित्र पाठवतो, पण ते ठोकळ, फिसकटलेलं. दुसरे दिवसातून एखाद्या वेळी वरून जातात. त्यांचं चित्र बारीक, पण एकदा गेले की गेले. "एक आंधळा सोबती आहे आन दुसरा डोळस पाहुणा," काकाजी म्हणायचे. "संसार अशाच लोकाइसंग करा लागते."

उन्हात पडदा नीट दिसत नाही म्हणून ते गच्चीवर खुर्ची टाकून डोक्यावरून चादर घेत आणि आत लॅपटॉप उघडून बसत. खाली बसले तर वाऱ्याचा अंदाज येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या गच्च्यांवरून फक्त एक पांढरा उंचवटा दिसायचा, अधूनमधून हलणारा. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तो उंचवटा पाहून रामरक्षा म्हणू लागल्या.

रुमाल फक्त आमच्याच बाल्कनीत नव्हता. नातेवाईक, जुने सहकारी, औषधाचा दुकानदार, दूधवाला, ज्याचं म्हणून काकाजींशी बोलणं होतं त्याच्या घरी एक रुमाल टांगलेला असायचा. त्यावर बसलेली काजळी पाहायला रविवारी स्कूटरवर फिरून ते रुमाल गोळा करायचे आणि नवे टांगायचे. काकू म्हणायच्या, "लोकं आहेरात रुमाल देतात. आमचे हे मागत फिरतात." एकदा रुमाल वाऱ्यानं उडाला म्हणून काकाजींनी दोरीवरचा माझा ऑफिसचा शर्ट नेला. परत दिला तेव्हा त्यावर पेन्सिलीनं तीन गोल काढलेले होते. "हा पाचोळ्याचा धूर. हा डिझेलचा. आन हा तुह्या स्वतःच्या गाडीचा, सायलेन्सर पाय." दुसऱ्या दिवशी घाईत मी विसरून तोच शर्ट घालून ऑफिसला गेलो. दिवसभर लोक माझ्या पाठीकडे आदरानं पाहत होते. कोणी काही बोललं नाही, आणि मला वाटलं, बढती आली.

घरात उदबत्ती बंद. धूप बंद. मिरचीची फोडणी असली की काकाजी आधी खिडक्या उघडायचे, पंखा लावायचे आणि मगच काकूंना कढईजवळ जाऊ द्यायचे. आमच्याकडे सावजी रस्सा शिजला की मसाल्याचा वास जिन्यातून खाली पोचायच्या आत काकाजी वर हजर. "झालं का? अजून किती?" माझी बायको वैतागून म्हणायची, "जेवायला या म्हणावं तर हे रस्सा कधी संपतो ते विचारतात." मला तो सगळा प्रकार विक्षिप्तपणाच वाटायचा. एका संध्याकाळी मी जिन्यातून उतरत असताना काकाजी त्यांच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसलेले दिसले. मी काही विचारणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत काकू झोपल्या होत्या. काकाजी दाराला कान लावून त्यांचा श्वास ऐकत होते.

काकूंना दमा होता. जुना, चिवट. श्वासाचा पंप त्या कमरेला खोचून ठेवायच्या आणि कोणी पाहत नसताना ओढायच्या. कोणी विचारलं, "काकू, बरं आहे ना?" तर उत्तर ठरलेलं, "मले काय धाड भरली?" दम लागला तर म्हणायच्या, जिना चढले. खोकला आला तर म्हणायच्या, बडीशेप अडकली. पन्नाशी उलटलेला मी सर्दी झाली तरी घरभर जाहीर करतो, मृत्युपत्राचा विषय काढतो. त्या बाईला फुफ्फुसं आटून आली तरी ती बडीशेपेवर ढकलायची. नवरा दिवसभर आकाशातून धूर शोधत असे आणि बायको त्याच्याच घरात आपला दम लपवत असे. त्या घरात कायम एक ताण असायचा, दोरी ओढून धरावी तसा, आणि आम्ही वरच्या मजल्यावर त्याच्या टोकाला राहत होतो.

आता माझ्या थोरल्या लेकीच्या साखरपुड्याचं सांगायला पाहिजे, कारण काकाजी त्या दिवसानंतर बदलले. उघड्या लॉनवर संध्याकाळचा कार्यक्रम होता. व्याही यवतमाळचे, रीतभात पाहणारे. दुपारी काकाजी लॅपटॉप छातीशी धरून लॉनवर आले. "पूर्वेकडं मोठं जंगल पेटलं आहे. धुराचा पट्टा सरळ नागपूरवर येऊन राहिला. संध्याकाळी तुह्या पाहुण्याइच्या ताटात राख पडन. सगळं आत घे."

मी घाबरट माणूस. सगळं आत घेतलं. लॉनला लागून एक बुटका हॉल होता, त्यात खुर्च्या कोंबल्या. पंखे कमी पडले. पेढे पाघळले, नवरदेवाचा मेकअप पाघळला, व्याह्यांचा स्वभाव पाघळायच्या ऐवजी आवळून आला. आणि बाहेर? बाहेर इतकी स्वच्छ, मोकळी हवा पडली होती की काय सांगू. फक्त सूर्य कुंकवासारखा लाल. सगळे पाहुणे कार्यक्रम सोडून बाहेर जाऊन त्या सूर्याबरोबर फोटो काढत होते. रिकाम्या लॉनच्या मधोमध काकाजी मान वर करून उभे होते.

"वर होता गा," ते म्हणाले. "धूर आला, पण वरून गेला. चित्रात पट्टा दिसते, उंची नाही दिसत."

"काकाजी," मी म्हणालो, "मग चित्र पाहून फायदा काय?"

त्या दिवसापासून त्यांनी कोणाला सांगणं सोडलं आणि विचारणं सुरू केलं. पट्टा आला की फोन लावायचे. रुमालवाल्या सगळ्या घरांना. नमस्कार नाही, काही नाही. "वर आहे का खाली?" समोरचा गोंधळायचा. "काय, काकाजी?" "धूर, बाप्पा! डोळे चुरचुरून राहिले का? समोरची टाकी स्पष्ट दिसते का?" कॉलनीतली मंडळी एकमेकांना भेटली की आता रामराम न घालता "वर आहे का खाली?" असं म्हणून हसायची. मीही हसलो आहे.

काकूंचं माहेर पारशिवनीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात. चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली की काकूंना राहवत नसे. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. पण खाली वाळलेला पाचोळा असतो आणि पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा आधी जाळून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. जाळ नीट विझवला तर ठीक. एखाद्यानं पाठ फिरवली आणि वारा सुटला, तर तोच जाळ झाडाखालून निघून डोंगरावर चढतो. काकाजींच्या चित्रात दरवर्षी त्या दिवसांत त्या बाजूला लाल टिकल्या दिसू लागायच्या, आणि दरवर्षी घरात तेच भांडण व्हायचं.

"आत्ता जाऊ नको. पावसाळ्यात जाय."

"पावसाळ्यात मोह पडते का? माह्या नाकात मोहाचा वास पहिले गेला, तुमचा धूर मांगून आला."

त्या वर्षी काकू गेल्या, आणि सोबत माझी बायको गेली. मीच भर दिली होती. मोहाच्या पुऱ्या खाऊन फार वर्षं झाली होती.

रविवारची दुपार होती. मी जेवून आडवा झालो होतो. गच्चीवरून हाक आली, "वर ये." आवाज मोठा नव्हता. म्हणूनच मी धावत गेलो. काकाजींनी चादरीची कड उचलली आणि मला आत ओढलं. इतक्या वर्षांत त्या चादरीखाली मी पहिल्यांदाच शिरत होतो. आत उकाडा, त्यांच्या घामाचा वास आणि गुडघ्यांवर उघडलेलं चित्र. तपकिरी डोंगर, मधे दरीची एक सुरकुती. डावीकडच्या धारेवर लाल टिकल्यांची रांग, आणि तिच्यापासून निघालेला निळसर पट्टा, ओल्या बोटानं कोळसा फिसकटावा तसा. उजवीकडे दुसऱ्या टेकडीवर एक काळा डाग.

"हे दुपारच्या पाहुण्याचं. हे जळून राहिलं," त्यांनी टिकल्यांवर बोट ठेवलं. "हा काळा डाग कालचा. जळून थंड झालेला. आन हे," बोट मधल्या सुरकुतीत आलं, "ही तुही बायको. ही माही."

दोघींना मिळून एकच बोट पुरलं होतं.

"आग गावात येईल?"

"आगीचं भेव नाही. मंधात नाला आहे, वावरं नांगरलेले आहेत. धुराचं आहे. दुपारी धूर उडते. दिवस कलला का हवा थंडी होते, जड होते, खाली बसते. तिच्यासंग धूर बी बसते. आन बसन कुठी? खोलात." बोट अजून त्या सुरकुतीतच होतं.

फोन लावला. लागला. त्यांनी स्पीकर लावला, काकूंचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"कुठी आहेस?"

"नाल्यावर. सगळ्या बायका, लेकरं इथंच आणून बसवले. भाऊ म्हणते, इथं आग येत नाही."

"धूर वर आहे का खाली?"

"वर. चांगला वर आहे." मग खोकल्याची एक मोठी उबळ ऐकू आली.

"कोण खोकललं?"

"म्हैस."

काकाजींनी डोळे मिटले. "तिच्याजवळ फोन दे. वरच्या मजल्यावालीले."

माझ्या बायकोचा आवाज आला, पण तो तिचा नव्हता. "काकाजी, इथं जरासं... धुकट आहे." मागून काकूंची कुजबुज, "सांगू नको वं!" मी फोन ओढून घेतला. "खरं सांग. काय चाललंय तिथं?"

"काकूंनी शपथ घातली आहे."

"कोणाची?"

"तुमची."

"मोड," मी म्हणालो. "आजवर माझ्या कितीतरी शपथा मोडल्यास, मला काही झालेलं नाही. मोड आणि सांग!"

ती बोलणार तेवढ्यात काकाजींनी फोन परत घेतला. "नको. तिलेच दे. दुसऱ्यानं सांगतलं तर ही जागची उठणार नाही, मले माहीत आहे." ते थांबले. मला वाटलं आता ओरडतील. पण ते अगदी हळू बोलले. "ऐकून राहिली ना? मी आजवर तुले वरून सांगत आलो. इकडं जाऊ नको, तिकडं बसू नको. पण वरून खालचं दिसत नाही वं. मले आत्ता काहीच दिसून नाही राहिलं. तू सांगशीन तेच खरं. एकडाव सांग."

पलीकडे लेकरांचा गलका. कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. मग काकू म्हणाल्या, "खाली आहे."

"किती खाली?"

"समोरच्या काठावर आंब्याचं झाड होतं. मघाशी दिसे. आता नाही दिसत."

"आन दम?"

"लागून राहिला."

"पंप?"

"रिकामा आहे. कालपासून."

मी चादर फेकून उभा राहिलो. "मी गाडी काढतो, काकाजी."

"बस खाली. तू पोचशीन तवा गाव भरलेलं असन धुरानं. आन रस्ता नाल्याच्याच काठानं जाते, तूच कोंडशीन."

"तुमची बायको तिथं मरते आहे, आणि तुम्ही इथं चित्र बघत बसणार?" मी बोलून गेलो. शब्द बाहेर पडल्यावर मला त्यांचा आवाज ऐकू आला. काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भावाले दे फोन," ते म्हणाले. आणि मेहुण्याला समजावू लागले. नाल्याकाठच्या रस्त्यानं जाऊ नका, धूर त्याच रस्त्यानं उतरतो. गावामागं गाडीवाट आहे, ती खिंडीतून उजव्या टेकडीवर चढते. काल जळाली ती टेकडी. सगळ्यांना ट्रॉलीत घ्या आणि वर, वनखात्याच्या रोपवाटिकेपाशी न्या.

"भाऊजी, तुम्ही येडे झाले का?" मेहुणा ओरडला. "लेकरं घेऊन जळत्या डोंगराकडं जाऊ?"

"जळत्या नाही बाप्पा, जळलेल्या. जे जळून गेलं ते पुन्हा जळत नाही. तिथं उंची आहे, वारा आहे."

"आन खिंडीत आग आली असन तं?"

"दुपारी नव्हती."

"आत्ता?"

आत्ताचं चित्र समोर होतं, त्या आंधळ्या सोबत्याचं. त्यात डोंगर नव्हते, गाव नव्हतं, फक्त एक राखाडी डाग. एवढ्यावर त्या ट्रॉलीत बसणाऱ्या सगळ्यांची जबाबदारी होती. काकाजी खोटं बोलू शकले असते. मी असतो तर बोललो असतो, धीर द्यायला म्हणून.

"आत्ताचं मले नाही दिसत," काकाजी म्हणाले. "खिंडीच्या तोंडाशी जाऊन तूच पाय. वाटेवर जाळ दिसला तर मांगं फिर. नाही दिसला तर थांबू नको."

मग मागून काकूंचा आवाज आला, तुटक, मधे मधे श्वास ओढत. "काढ तो ट्रॅक्टर. यांचे अंदाज... लय चुकले आजवर. पण जाणून... मले धुरात पाठवणार नाहीत. काढ."

फोन बंद झाला.

काकाजी मला म्हणाले, "अॅम्ब्युलन्सले फोन लाव. वरच्या रस्त्यानं या म्हणा, वनखात्याच्या रोपवाटिकेपाशी. नाल्याच्या रस्त्यानं येऊ नका, हे दोनदा सांगजो." मी फोन लावला. पलीकडच्या बाईनं पत्ता विचारला आणि मी आमच्या घराचा, नागपूरचा, वरच्या मजल्यासकट पत्ता सांगितला. तिनं विचारलं, रुग्ण कोण. मी स्वतःचं नाव सांगितलं. काकाजींनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि सगळं नीट सांगितलं. दोनदा.

मग वाट पाहणं. सूर्य खाली येत होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग येत होता. जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं? काकाजी पुन:पुन्हा बायकोचा नंबर लावत होते. लागत नव्हता. मी माझ्या बायकोचा लावत होतो. लागत नव्हता. नवं चित्र आलं. डाग होता तसाच. काकाजी त्या डागाकडे असे पाहत होते की जणू त्यातून ट्रॅक्टर बाहेर येईल.

"खिंडीत पायाले सांगतलं," ते स्वतःशीच बोलले. "पण धुरात पायन कसा तो?"

मी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसून राहिलो. खाली रस्त्यावर कोणाच्या तरी घरी टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि लोक मधेच आनंदानं ओरडत होते.

माझा फोन वाजला. बायको. रडत होती की हसत होती, कळेना. "आलो वर. आलो आम्ही. खिंडीत डाव्या हाताला जाळ होता, अगदी जवळ. धग लागत होती तोंडाला. पण वाट मोकळी होती. सगळे आहेत. काकूंना देते."

काकाजींनी फोन दोन्ही हातांनी धरला. "कशी आहेस?"

"गाव... नाही दिसत," काकू म्हणाल्या. "खाली सगळं... दुधानं गंज-पातेलं भरावं तसं. देवळाचा कळस तेवढा... वर आहे."

"हवा?"

"हवा आहे. पदर... उडून राहिला."

काकाजी ऐकत होते. शब्द नाही, शब्दांमधला श्वास. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरून मला कळलं की अजून काहीच संपलेलं नाही.

"गाडी निघाली आहे पारशिवनीवरून. तोवर बोलत राय माह्याशी. थांबू नको."

"काय बोलू?"

"काही बी. मले शिव्या दे."

काकूंनी क्षणभर विचार केला असावा. मग सुरू झाल्या. आधी दोन शब्द, मग श्वास. दोन शब्द, मग श्वास. लग्नानंतर चिखलदऱ्याला नेलं आणि तीन दिवस खोलीतून ढगच पाहत बसले. थेटरात पडद्याऐवजी एसीची जाळी पाहत बसले. लेकीच्या बारशाला कचेरीतून आले तेव्हा बारसं होऊन पाळणा मोडायची वेळ झाली होती. काकाजी प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होते. "हो. खरं आहे. अजून?" हळूहळू दोनाचे तीन शब्द झाले, तिनाचे पाच. मी पुरुषाला शिव्या खाताना पाहिलं आहे, मी स्वतः खाल्ल्या आहेत, पण शिव्या मोजून घेणारा माणूस मी तेवढाच एक पाहिला.

मग काकू थांबल्या.

"बोल," काकाजी म्हणाले.

काही नाही. फक्त वारा.

"अवं बोल ना!"

"सरलं," काकूंचा आवाज खूप लांबून आल्यासारखा वाटला. "आता काही... आठवत नाही."

काकाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. कपाळावरून घाम गळत होता. मला दिसत होतं, ते चाळीस वर्षांच्या संसारात आपला एखादा शिल्लक गुन्हा शोधत होते.

"तुह्या भावाच्या लग्नात," ते म्हणाले, "मी पंगतीतून उठून गेलो होतो. भरल्या ताटावरून. ते राहिलं."

पलीकडे काकूंनी श्वास ओढला. मग, "बरी आठवण केली!"

आणि काकू पेटल्या. सगळी वरात काय म्हणाली, आईनं डोळ्याला पदर कसा लावला, वहिनीच्या माहेरच्या लोकांनी जावयाच्या नावानं पंगतीत काय काय टोमणे मारले आणि त्या सगळ्याला तोंड कोणी दिलं, आणि वाढलेल्या बुंदीच्या लाडवाला हात न लावता उठण्याइतकं असं काय मोठं आभाळ कोसळलं होतं त्या दिवशी. मधे श्वास घेतला असेल तर तो मला ऐकू आला नाही. काकाजी डोळे मिटून, मान डोलवत उभे होते.

त्या बोलण्याच्या मागून एक बारीक, चढत-उतरत येणारा आवाज ऐकू येऊ लागला. लेकरं ओरडू लागली, "आली! आली!"

"गाडी आली," काकू म्हणाल्या. "ठेवते. बाकीचं घरी येऊन."

फोन बंद झाला. काकाजींनी तो हातातच धरून ठेवला. मग ते माझ्याकडे वळले.

"ऐकलं ना तू बी?" त्यांनी विचारलं. "घरी येऊन, म्हणाली."